स्पोर्ट्स कार आणि जर्मनीतला पहिला हिवाळा

चाकण किंवा हिंजवडीतून बदली होऊन जर्मनीत आलात, प्रोबेशन संपलं, आणि हळूच लक्षात आलं की जुनी का होईना, छप्पर उघडणारी दोन सीटची गाडी इथे आपल्या आवाक्यात आहे. माझदा एमएक्स-५, बीएमडब्ल्यू झेड४, पोर्श बॉक्स्टर. अशा गाड्या घेतलेले बरेच मराठी लोक भेटतात, आणि बहुतेकांनी ती मे-जूनच्या उन्हात घेतलेली असते. ऑक्टोबर उजाडला की त्यांचे फोन सुरू होतात: "आता हिचं करायचं काय?"

मी स्टुटगार्टजवळ चढावर राहतो आणि ९८७ पिढीतली बॉक्स्टर बाळगून आहे. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं मागच्या चाकांना जोर देणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतीय लायसन्स इथे रहिवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे जर्मन लायसन्स लागतं. ते झालेलं नसेल तर आधी ते उरका; टायरचं नंतर बघू.

१. आधी ठरवा: चालवायची की उभी ठेवायची

दोनच रस्ते आहेत. विंटर टायर घालून गाडी रोज वापरा, नाहीतर नोव्हेंबर ते मार्च कोरड्या गॅरेजमध्ये नीट बांधून ठेवा. गाड्यांची वाट लागते ती तिसऱ्या रस्त्याने. समर टायर तसेच ठेवायचे, गाडी अंगणात उभी करायची आणि "ऊन पडलं की रविवारी एक चक्कर" मारायची. जानेवारीतलं ऊन फसवं असतं. रस्ता कोरडा दिसतो, पण तापमान असतं दोन अंश. झाडीतल्या वळणावर सावलीत दव गोठलेलं असतं, आणि रस्त्यावरची पांढरी भुकटी म्हणजे बर्फ वितळवायला टाकलेलं, वाळलेलं मीठ असतं. छोट्याशा चकरीत इंजिन ऑइल धड तापत नाही, बॅटरी भरत नाही, आणि मीठ मात्र खाली चिकटून घरी येतं.

ऑफिसला जायला ट्रेन आहे आणि गॅरेज भाड्याने मिळतंय, तर गाडी उभी ठेवा. गॅरेज नाही, दुसरं वाहन नाही आणि गाव डोंगरात आहे, तर चालवा, पण मग विंटर टायरचे पैसे वाचवायला जाऊ नका. अमुक रस्ताच बरोबर असं मी म्हणणार नाही. धरसोड मात्र करू नका.

२. कायदा: तारीख नाही, परिस्थिती

जर्मनीत अमुक तारखेपासून विंटर टायर घाला असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, काळा बर्फ (डांबरावर न दिसणारा पातळ थर) किंवा गोठलेल्या दवाचा थर असेल तेव्हा गाडीला विंटर टायर हवेत, असा आहे. म्हणजे समर टायर लावून उभी केलेली गाडी बेकायदा नाही. बर्फात ती हलवलीत की बेकायदा. दंड ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत (तिथे चालकांचे गुन्हे नोंदतात) एक पॉइंट. इतरांची वाट अडवली तर ८० युरो. अपघात झाला तर विमा कंपनी कास्कोच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, दाव्यात हात आखडता घेऊ शकते, आणि ते दंडापेक्षा जास्त महागात पडतं. इथले लोक "ऑक्टोबर ते ईस्टर" असा ठोकताळा धरतात. तो पुरेसा आहे.

इथला मोठा सापळा वापरलेल्या गाडीसोबत मिळणाऱ्या "विंटर टायर सेट"चा. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवंच. नुसतं "एम+एस" लिहिलेले जुने टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच चालत होते. त्यानंतर कायद्याच्या नजरेत ते विंटर टायर नाहीत, विकणारा काहीही म्हणो. त्याच कडेला चार आकडी उत्पादन तारीख असते: ३८१६ म्हणजे २०१६ सालचा ३८वा आठवडा. रबर म्हातारं झालं की खाचा खोल असूनही ते कडक होतं. आठ वर्षांपुढचा सेट फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

खाचांची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फात तेवढ्यावर काही होत नाही. किमान ४ धरा. मोजायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं घाला. बाहेरची चंदेरी कड पूर्ण आत बुडली पाहिजे. स्कीइंगला ऑस्ट्रियात जाणार असाल तर तिथे ४ मिलिमीटर हा कायदाच आहे, आणि १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी परिस्थिती असली की विंटर टायर सक्तीचे.

३. टायर आणि रिम घेताना

समर टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, आणि स्पोर्ट्स कारचे टायर सगळ्यात आधी. ट्रॅकसाठीच्या टायरबद्दल तर कंपन्याच बजावतात की कडाक्याच्या थंडीत ते हलवू नका, रबराला चिरा जातील.

घेताना हे तपासा:

- माप. कंपनीने मान्य केलेली मापं गाडीच्या मूळ अनुरूपता प्रमाणपत्रात (सीओसी) असतात. त्यातलं सगळ्यात लहान रिम आणि सगळ्यात अरुंद टायर निवडा. दिसायला गाडी जरा किरकोळ वाटेल, पण अरुंद टायर बर्फात जास्त धरतो आणि जाड कडेमुळे खड्ड्यात रिम वाचतं.
- वेगाचं अक्षर. विंटर टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी मर्यादा चालते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. पण तशी मर्यादा असेल तर ती लिहिलेलं स्टिकर ड्रायव्हरला दिसेल असं लावावं लागतं.
- हवेच्या दाबाचे सेन्सर. नोव्हेंबर २०१४ पासूनच्या नव्या गाड्यांत दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. तुमच्या गाडीत सेन्सर चाकात असतील तर विंटर सेटलाही ते लागतात.
- चारही टायर. "जोर मागच्या चाकांना, मग मागचेच दोन बदलू" हा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. मागची चाकं ढकलतील आणि पुढची वळणार नाहीत. चार म्हणजे चार.

सगळे ऋतू चालणारे टायर? मैदानी भागातल्या शांत माणसासाठी ठीक. स्पोर्ट्स कारला मी घालणार नाही, कारण मग उन्हाळ्यातली मजाही अर्धी होते.

वर्कशॉपची वेळ सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा. पहिला बर्फ पडला की सगळं गाव एकाच दिवशी फोन करतं. उतरवलेली चाकं ठेवायला घरात जागा नसेल तर वर्कशॉपवालेच थोड्या पैशांत सांभाळतात. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि पहिल्या थंड सकाळी दाबाचा पिवळा दिवा लागला तर पंक्चर समजून घाबरू नका. तापमान दहा अंश उतरलं की दाब साधारण ०.१ बारने उतरतो. थंड टायरमध्ये हवा भरा, दिवा जाईल.

४. थंडीआधी गाडीची तयारी

कूलंट किती अंशांपर्यंत टिकेल हे कुठलंही वर्कशॉप दोन मिनिटांत मोजून देतं. काचेवर मारायच्या पाण्यात न गोठणारं मिश्रण घाला. उन्हाळ्यातलं पाणी आधी मारून संपवा, नाहीतर ते नळीत गोठतं.

दारांच्या काचांकडे खास लक्ष द्या. या गाड्यांच्या दारांना वरची चौकट नसते. बऱ्याच गाड्यांत हँडल ओढलं की काच आपोआप काही मिलिमीटर खाली सरकते, मगच दार रबरातून सुटतं. काच गोठून चिकटली असेल तर मोटर कुरकुरते, काच हलत नाही, आणि आपण जोर लावला की रबर फाटतं किंवा काचेची यंत्रणा तुटते. उपाय स्वस्त आहे: थंडीआधी सगळी रबरं पुसून त्यांवर रबराची निगा राखणारी काडी फिरवा. दुकानात ती हरणाच्या चरबीची किंवा सिलिकॉनची मिळते. (शाकाहारी मंडळींनी सिलिकॉनची घ्यावी.) तरीही काच चिकटलीच तर हाताच्या तळव्याने काचेच्या कडेने दाबत जा, बर्फ कटकट तुटतो, मग दार उघडा.

कापडी छप्पर असेल तर छपराच्या कडेचे पाणी वाहून जायचे मार्ग साफ करा. शरद ऋतूतली पानं तिथे साचून कुजतात, पाणी तुंबतं आणि सीटखाली उतरतं. काही गाड्यांत तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचा डबा असतो. जुन्या गाड्यांची मागची खिडकी प्लॅस्टिकची असते. शून्याच्या आसपास छप्पर उघडलंत तर ती घडीवर तडकते. काचेची असली तरी गोठलेलं किंवा ओलं छप्पर घडी करू नका.

आता बॅटरी. शून्याखाली तिची ताकद झपाट्याने उतरते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. पाच-सहा वर्षांची बॅटरी असेल तर ऑक्टोबरमध्ये तपासून घ्या. ९८७ बॉक्स्टर आणि तिची बंद छपराची बहीण केमन असलेल्यांसाठी वेगळी सूचना: बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि झाकण विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही! डाव्या बाजूच्या पायापाशी फ्यूजबॉक्स असतो, त्यात बाहेर ओढता येणारी धन टोकाची पट्टी असते. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल तिला आणि काळी दाराच्या लोखंडी खुंटीला लावा, मग झाकणाची कळ दाबा. या वाटेने फक्त झाकण उघडा, गाडी सुरू करायला जाऊ नका. मॅन्युअलमधलं ते पान फोनवर आधीच काढून ठेवा. जंप केबल पुढच्या डिकीत ठेवण्यात अर्थ नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

गाडीत ठेवायच्या वस्तू: काच खरवडायची पट्टी, मऊ ब्रश, हातमोजे, दाब मोजायचं छोटं यंत्र, टॉर्च, जुनं ब्लँकेट. बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या विकत घेण्याआधी मॅन्युअल बघा. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये चाकाभोवती साखळीपुरती जागा ठरावीक मापाच्या टायरलाच असते, काहींत अजिबात नसते.

५. सकाळी निघताना

काचेवर डोळ्यापुरतं भोक खरवडून निघालेले लोक दिसतील. त्याला १० युरो दंड आहे. टपावर बर्फ ठेवून निघालात तर २५. कापडी छपरावर खरवडायची पट्टी कधीच लावू नका, मऊ ब्रशने झाडा. काचेवर गरम पाणी ओतायचा मोह आवरा, काच तडकते.

आपल्याकडे सवय असते सकाळी गाडी सुरू करून ठेवायची आणि मग पिशव्या आणायच्या. इथे विनाकारण इंजिन चालू ठेवल्यास ८० युरो दंड होऊ शकतो, आणि इंजिनालाही त्याचा फायदा नाही. जागेवर ते फार सावकाश तापतं. सगळं साफ करा, बसा, पट्टा लावा, मग सुरू करा आणि लगेच हळू निघा.

कूलंटचा काटा ९० वर आला म्हणजे इंजिन तापलं, हा समज सोडा. ऑइलला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो, तोवर ते थिजलेल्या तुपासारखं सरकत असतं. ऑइल ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत इंजिनाचे फेरे (आरपीएम) तीन हजारांच्या वर नेऊ नका आणि पेडल तळाला लावू नका. ऑइलचा काटा नसेल तर पंधरा-वीस किलोमीटर सबुरीने घ्या. रोजचा प्रवास चार किलोमीटरचाच असेल तर आठवड्यातून एकदा ऑटोबानवर लांब फेरी मारा, नाहीतर ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचत राहतं.

६. बर्फात चालवणं

खंबाटकी, कसारा, ताम्हिणी चालवलेल्या माणसाच्या अंगात एक सवय मुरलेली असते: उतार आला की खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनावर गाडी रोखायची. तत्त्व इथेही बरोबर आहे, पण बर्फावर ते करायची पद्धत वेगळी. मागच्या चाकांच्या गाडीत उतारावर असताना झटकन तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच सोडला तर इंजिनाचा सगळा अडसर फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. ती क्षणभर घसरतात आणि गाडीचं मागचं अंग पुढे यायला बघतं. म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर टाका. उतारातच बदलायची वेळ आली तर थोडं ॲक्सिलरेटर देऊन फेरे जुळवा आणि क्लच सावकाश सोडा. पुढच्या चाकांच्या गाडीत हीच चूक तुम्हाला सरळ नेते. इथे ती फिरवते.

वळणावरही तसंच. वेग जास्त झाला असं वाटलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उडतो. त्याने वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि सुटतात. इंजिन मध्यभागी असलेली गाडी चपळ असते, पण सुटली की तितक्याच चपळाईने गरकन फिरते. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर वेग उतरवा आणि वळणात पाय स्थिर ठेवा. सुटलीच तर जिथे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंग तिकडे वळवा, क्लच दाबा.

निघताना दुसरा गिअर, पाय हलका. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालू, स्पोर्ट मोड बंद. एकच अपवाद: खोल बर्फात गाडी रुतली आणि यंत्रणा जोरच तोडत असेल तर तेवढ्यापुरती ती बंद करा, बाहेर आलात की चालू. जुन्या एमएक्स-५मध्ये बहुधा ही यंत्रणा नसतेच, त्यामुळे तिचा मालक असाल तर मोकळ्या जागेत सराव करा. एडीएसी या वाहनचालकांच्या संस्थेची सुरक्षित ड्रायव्हिंगची केंद्रं आहेत. तिथे पाणी सोडलेल्या गुळगुळीत पट्टीवर गाडी मुद्दाम घसरवून शिकवतात. पैसे जातात, पण मी तरी प्रत्येक नवख्याला तिथे पाठवतो.

डॅशबोर्डवर तीन-चार अंशांना हिमकणाचं चिन्ह लागतं. ते हवेचं तापमान आहे, रस्त्याचं नाही. पूल आणि जंगलातले तुकडे आधी गोठतात.

गाडीची उंचीही विसरू नका. बर्फ बाजूला सारणारा नांगर फिरवून गेलेल्या ट्रकने गल्लीच्या तोंडाशी ढीग सोडलेला असतो, वरून मऊ, आतून दगड. एसयूव्ही त्यावरून जाते; तुमचा पुढचा बंपर तिथेच राहतो. आणि ताज्या बर्फातून आल्यावर रात्रभर गाडी उभी राहिली, सकाळी ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर आधी थांबून रिमच्या आत बघा. तिथे एका बाजूला बर्फाचा गोळा गोठून चाकाचा तोल गेलेला असतो. काढून टाका, थरथर जाते.

बाहेर उभी करताना हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर ब्रेक गोठून चिकटू शकतो. तीव्र उतारावर मात्र ओढाच, आणि चाकं फुटपाथकडे वळवा. घरी पोचण्याआधी दोन-तीनदा हलका ब्रेक मारून डिस्क सुकवा.

७. मीठ

इथे रस्त्यावर नुसतं कोरडं मीठ टाकत नाहीत. बरेचदा ७० टक्के मीठ आणि ३० टक्के मिठाचं पाणी असं ओलं मिश्रण फवारतात. ते रस्त्याला चिकटून राहतं, आणि गाडीलाही. जुन्या एमएक्स-५मध्ये मागच्या चाकापुढचा खालचा पत्रा यानेच खाऊन जातो. विकत घेताना तिथे बोटाने दाबून बघतात ते उगाच नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे उबदार तळघरातली पार्किंग गाडीला चांगली. मिठाने माखलेल्या गाडीला ती वाईट. बाहेर शून्याखाली गंज मंदावतो, आत पंधरा अंशांत आणि ओलाव्यात तो जोमाने चालतो. म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी शून्याच्या वर तापमान असलेली दुपार गाठून खालून पाणी मारा. घरासमोर बादली घेऊन उभे राहू नका, बऱ्याच गावांत रस्त्यावर गाडी धुवायला मनाई आहे. नाण्यांवर चालणाऱ्या धुण्याच्या जागेत जा, चाकांच्या कमानी आणि खालचा भाग सावकाश धुवा, कापडी छपरापासून फवारा लांब ठेवा. धुतल्यावर दारांची रबरं पुसा.

८. उभी ठेवायची असेल तर

सीझन नंबरप्लेट घ्या. उजव्या कडेला सुरुवातीचा आणि शेवटचा महिना छापलेला असतो, उदाहरणार्थ ०४ आणि १०. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. सीझन किमान सहा महिन्यांचा ठेवा, नाहीतर विम्याची अपघातरहित वर्षाची पायरी वाढत नाही. सीझनबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. खाजगी जागा नसेल तर हा विचार सोडा.

नोंदणी कार्यालयात लागणारी कागदपत्रं:

- गाडीच्या नोंदणीचे दोन्ही भाग (दुसरा भाग कर्ज असल्यास बँकेकडे असतो, आठवडाभर आधी मागवा)
- विमा कंपनीकडून ईव्हीबी नंबर (विमा असल्याचा पुरावा), सीझनचे महिने सांगून
- पासपोर्ट आणि पत्त्याच्या नोंदणीचा दाखला
- ट्यूफ तपासणीचा (गाडीची सक्तीची ठरावीक मुदतीची तांत्रिक तपासणी) ताजा अहवाल
- करासाठी बँकेतून पैसे वळते करण्याची संमती
- जुन्या नंबरप्लेट

गाडी उभी करण्याआधी धुवा, मेण लावा, आणि अर्धा तास चालवून पूर्ण सुकवा. टाकी काठोकाठ भरा. ऑइल जुनं असेल तर आत्ताच बदला, वसंतात नाही. टायरमध्ये अर्धा बार जास्त हवा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. बॅटरीला आपोआप थांबणारा चार्जर लावा. ९८७वाल्यांनी पुढचं झाकण बंद करू नये, नुसतं टेकवावं. वरून श्वास घेणारं कापडी आवरण, प्लॅस्टिक नको. उंदीर असतील तर सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगवर बांधा.

मग तिला सोडून द्या. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून बंद करणं हे गाडीवरचं प्रेम नाही.

९. मार्च-एप्रिलमध्ये

एक-दोन मोठे पाऊस पडून मीठ वाहून जाईपर्यंत थांबा. सायलेन्सरमधलं कापड काढा, हवा नेहमीच्या दाबावर आणा, ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. ब्रेक डिस्कवर तांबूस थर असेल. पहिले काही ब्रेक मारताना खरखर होईल, मग थर जातो. समर टायर थंड सकाळी अजून धरत नाहीत, तेव्हा पहिली चक्कर दुपारीच मारा. आणि ट्यूफची तारीख हिवाळ्यात उलटून गेली असेल तर सीझनच्या पहिल्याच महिन्यात तपासणी करून घ्यावी लागते, तिची वेळ फेब्रुवारीतच घेऊन ठेवा.